पत्रांचे बिऱ्हाड हलविताना

आपल्या न्यासाच्या सभासदांच्या घरोघरी आता संगणक आला आहे. परदेशी गेलेल्या मुलांची पत्रे, शिष्यवृत्तीचे अर्ज, देणगीच्या पावत्या, लग्नकार्याची छायाचित्रे, सारे त्याच्याच पोटात असते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून जुने यंत्र व जुने सॉफ्टवेअर बदलण्याची वेळ अनेकांवर आली आहे. अशा वेळी "जुनी पत्रे जातील काय?" असा प्रश्न आम्हांस पालक नेहमी विचारतात. क्रमाने काम केले तर काहीही जाण्याचे कारण नाही.

प्रथम ध्यानात घ्यावे की ईमेलचे सॉफ्टवेअर म्हणजे पत्रे नव्हेत. घराचे दार बदलले म्हणून आतले सामान नाहीसे होत नाही. मात्र सामान कोणत्या खोलीत आहे हे ठाऊक हवे. पत्रे मिळण्याच्या दोन पद्धती आहेत. 'आयमॅप' पद्धतीत मूळ पत्रे सर्व्हरवरच राहतात; नव्या सॉफ्टवेअरमध्ये पत्ता व पासवर्ड घातला की ती पुन्हा दिसू लागतात. 'पॉप' पद्धतीत पत्रे आपल्या संगणकात उतरतात आणि पुष्कळदा सर्व्हरवरील प्रत पुसली जाते. आपली पद्धत कोणती, हे खात्याच्या सेटिंगमध्ये लिहिलेले असते.

पॉपमध्ये आणखी एक मेख आहे. ती पद्धत केवळ आलेली पत्रे आणते. आपण पाठविलेली पत्रे बहुधा त्या एकाच संगणकात राहतात. त्यामुळे मुलाची पत्रे वाचतात आणि वडिलांनी त्यास लिहिलेली उत्तरे मात्र यंत्राबरोबर भंगारात जातात. म्हणून 'पाठविलेली' हा फोल्डर आधी पाहावा.

थंडरबर्ड वापरणाऱ्यांचे काम सोपे आहे. त्याची पत्रे, पत्ते व सेटिंग 'प्रोफाइल' नावाच्या एका फोल्डरात असतात. सॉफ्टवेअर बंद करून तो संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा. इतर सॉफ्टवेअरमध्ये 'एक्सपोर्ट' ही सोय शोधावी.

ब्राउझरच्या बाबतीत बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये काढता येतात आणि ती फाइल क्रोम, फायरफॉक्स, एज या सर्वांस वाचता येते. पासवर्ड सीएसव्ही फाइलमध्ये निघतात. पण ही फाइल म्हणजे उघडे पोस्टकार्ड होय, कोणीही वाचू शकतो. नव्या ब्राउझरमध्ये पासवर्ड आले की ती ताबडतोब पुसावी. तसेच 'सिंक' म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे: एका ठिकाणी पुसलेले सर्व ठिकाणी पुसले जाते.

आपल्या हैदराबादेत एक अडचण वेगळी आहे. युनिकोडपूर्वीच्या श्रीलिपीसारख्या मराठी फाँटातील जुना मजकूर तो फाँट नसल्यास निरर्थक अक्षरांसारखा दिसतो, आणि उर्दूच्या जुन्या इनपेज फाइली इनपेजवाचून उघडत नाहीत. असे कागद जुने यंत्र चालू आहे तोवरच पीडीएफ करून ठेवावेत.

शेवटी पडताळणी. प्रत्येक फोल्डरातील पत्रांची संख्या जुन्या व नव्या ठिकाणी ताडून पाहावी. सर्वांत जुने पत्र, एखादे जोडलेले छायाचित्र आणि एखादे मराठी वा उर्दू पत्र उघडून पाहावे. सर्व जुळले तरी महिनाभर जुने यंत्र मोडीत काढू नये.

सॉफ्टवेअर काही कायमचे नसते. नेटस्केपचा आधार १ मार्च २००८ रोजी संपला, आणि विंडोजमधील 'मेल'मधून पत्रे पाठविणे-घेणे ३१ डिसेंबर २०२४ नंतर बंद झाले. पुढेही असे होणारच. म्हणून वर्षातून एकदा, हिशेबाच्या वह्या बंद करतो त्या सुमारास, आपल्या पत्रांची एक प्रत बाहेर काढून ठेवण्याचा प्रघात प्रत्येक घराने पाडावा, अशी आमची विनंती आहे.