पेशीपासून पावलापर्यंत

पाय गमावलेल्या माणसाला पूर्वी जो कृत्रिम पाय मिळे, त्यावर बूट घालावाच लागे. मग मांडी घालून जेवणे नाही, उकिडवे बसणे नाही, अनवाणी देवळात जाणे नाही. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी यावर तोड काढली. आत सच्छिद्र रबर व लाकूड, वर कातडीच्या रंगाचे रबर आणि सारे साच्यात तापवून एकजीव केलेले. हेच ते प्रसिद्ध 'जयपूर फूट'!

निसर्गाची कारागिरी

निसर्ग मात्र पाऊल घडवतो ते पेशींपासून. एकाच कामाला वाहिलेल्या पेशी एकत्र आल्या की ऊती बनते. हाडाची, स्नायूची, त्वचेची अशा निरनिराळ्या ऊतींतून अवयव घडतो. अवयवांच्या संस्था होतात आणि सगळ्या संस्था मिळून माणूस. एका पावलात हाडेच २६! अंगठ्याला टोचलेला काटा कळतो, कारण तिथून कंबरेपर्यंत एकाच मज्जापेशीचा सुमारे मीटरभर लांब तंतू गेलेला असतो.

पुन्हा का उगवत नाही?

गर्भ साधारण महिन्याचा झाला की पायाचा अंकुर फुटतो. शेजारच्या पेशी एकमेकींना रासायनिक संदेश देतात आणि कोणी हाड व्हायचे, कोणी स्नायू, हे ठरते. मोठेपणी ही घडण पुन्हा सुरू होत नाही. जखम भरते, व्रण उरतो. भिंतीवरच्या पालीची शेपटी पुन्हा येते खरी, पण तिच्यातही मणक्यांऐवजी कूर्चेची नळी असते.

रबराच्या पावलाला मज्जातंतू नाहीत. तरीही माणूस चालतो, कारण डोळे, कान, मांडीचे स्नायू आणि मेंदू मिळून नवा तोल शिकतात. १९८१ मध्ये अपघातानंतर पाय गमावलेल्या नर्तिका सुधा चंद्रन जयपूर फूट लावून पुन्हा रंगमंचावर नाचल्या, त्या याच बळावर.

उलट, बारीकशी पेशी बिघडली तर सारे पाऊल धोक्यात येते. मधुमेहात मज्जातंतू बधिर झाले की जखम दुखत नाही, म्हणून ती लक्षातही येत नाही आणि चिघळते. घरात कोणाला मधुमेह असेल, तर रोज रात्री त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात नीट पाहा. जखम दिसली, तर त्वरित डॉक्टरांना दाखवा.