कासदाह व दुधाची प्रत

कासदाह : (स्तनदाह, दगडी). दुभत्या जनावराच्या कासेतील दुग्धग्रंथींना येणारी दाहयुक्त सूज. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्ट्रेप्टोकॉकस ॲगॅलॅक्टिई, एश्चेरिकिया कोलाय इ. सूक्ष्मजंतू सडाच्या छिद्रातून कासेत शिरल्याने हा रोग होतो. तीव्र प्रकारात कास सुजून दुखते व दुधात गाठी किंवा रक्त दिसते. सुप्त प्रकारात कास व दूध नेहमीसारखेच दिसते. हाच प्रकार अधिक आढळतो.

संसर्ग होताच रक्तातील श्वेत कोशिका (पेशी) कासेत येतात. निरोगी गायीच्या दुधात कोशिकांची संख्या दर मिलि.मध्ये सामान्यतः १ लाखाहून कमी असते. ती २ लाखांवर गेल्यास संसर्गाचा संशय येतो. स्रावी कोशिकांना इजा झाल्याने लॅक्टोज व केसीन घटते, तर रक्तातील सोडियम, क्लोराइड व प्रथिने दुधात उतरतात. त्यामुळे दूध खारट लागते. प्लाझ्मीन या एंझाइमामुळे केसिनाचे विघटन होऊन दही सैल लागते व चीजचा उतारा घटतो.

दुग्धकालानुसारही दूध बदलते. विल्यानंतर पहिले काही दिवस चीक येतो. सु. सहा ते आठ आठवड्यांनी दूध सर्वाधिक मिळते, तेव्हा वसा व प्रथिने यांचे प्रमाण कमी असते. जनावर आटू लागले की ते वाढते, लॅक्टोज घटते व कोशिकाही काहीशा वाढतात. त्यामुळे आटत्या गायीचे दूध रोगट भासण्याचा किंवा रोग नजरेआड होण्याचा संभव असतो. दुग्धकालाचा परिणाम चारही सडांवर सारखा होतो. संसर्ग बहुधा एकदोन सडांपुरता असतो. म्हणून प्रत्येक सडाचे दूध वेगळे तपासतात. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्निया कसोटीत प्रक्षालक मिसळताच रोगट दूध बुळबुळीत व घट्ट होते.

मुंबईत पूर्वी भरवस्तीत म्हशींचे तबेले होते. भोईवाड्यानजीक परळ येथे १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. तबेले शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये गोरेगावनजीक आरे दुग्धवसाहत स्थापन झाली. अनेक जनावरांचे दूध एकत्र झाल्यावर एका रोगट सडाचे दूध ओळखू येत नाही. पाश्चरीकरणाने जंतू मरतात. परंतु घटलेले केसीन परत येत नाही व स्टॅफिलोकॉकसाचे विष उकळूनही टिकू शकते. यासाठी दुधाची प्रत गोठ्यातच राखावी लागते. स्वच्छ हातांनी धार काढणे, नंतर सड जंतुनाशकात बुडविणे, रोगट जनावराची धार शेवटी काढणे आणि प्रतिजैविकाचा उपचार चालू असताना व त्यानंतर ठरावीक मुदतीपर्यंत दूध विक्रीस न देणे, हे त्याचे मुख्य उपाय होत.