गावचा माल, परदेशी बाजार (भाग ४) : निर्यात सुरू होते खरड छाटणीला

गेल्या तीन भागांवर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आहे : "आयईसी काढला, आता पुढे काय?"

आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा क्रमांक, डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवर 500 रुपये भरून मिळतो. आता तर आपला पॅन क्रमांकच आयईसी म्हणून चालतो. बँकेचे आणि पत्त्याचे कागद नीट असले की काम लवकर उरकते. ते इतके सोपे आहे म्हणूनच फसगत होते. क्रमांक हाती आला की माणूस गिऱ्हाईक शोधायला धावतो, गिऱ्हाईक मिळाले की माल गोळा करायला धावतो, आणि माल प्रयोगशाळेत नापास झाला की कपाळाला हात लावतो. हा क्रम उलटा आहे. माल बंदरावर पास होतो असे आपल्याला वाटते. खरे तर त्याचा निकाल शेतात लागतो, कित्येक महिने आधी.

आपल्याकडचे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण नाशिकचे द्राक्ष. द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, तिच्यातून घड येतो. खरड छाटणीनंतर वेल शेंड्याकडे फार धावू नये आणि काडीत घड धरावा म्हणून बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढरोधक फवारत असत. बागेत त्याला सगळे सीसीसी म्हणतात. एप्रिल-मेमध्ये मारलेले औषध पुढच्या फेब्रुवारीच्या मण्यात सापडेल, असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

2010 साली ते सापडले. युरोपात पोचलेल्या आपल्या द्राक्षांत सीसीसीचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला, आणि चांगली बाग राखलेल्या शेतकऱ्यांच्याही हाती काही लागले नाही. दुःखाची गोष्ट ही की, तपासणीची व्यवस्था तेव्हा अस्तित्वात होती. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाची ग्रेपनेट ही नोंदणी आणि माग काढण्याची प्रणाली 2006 पासून सुरू होती. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हते. आपण जे शोधत नव्हतो, ते त्यांनी शोधले. त्या हंगामानंतर ते यादीत आले.

नवख्या निर्यातदाराला मी हा प्रसंग आवर्जून सांगतो. ज्या देशाला माल द्यायचा, त्या देशाची यादी आधी वाचायची आणि दर हंगामाला पुन्हा वाचायची. युरोपीय संघात एखाद्या कीडनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नसेल, तर सरसकट 0.01 पीपीएम धरतात. म्हणजे शंभर टन मालात एक ग्रॅम. दहा टनांचा ट्रक डोळ्यांसमोर आणा आणि त्यात ग्रॅमचा दहावा भाग. शेजारच्या बागेतून वाऱ्यावर आलेले तुषार किंवा नीट न धुतलेला पंप एवढ्यानेही हा आकडा ओलांडला जाऊ शकतो.

आज युरोपला द्राक्ष पाठवायचे तर प्लॉटची कृषी खात्याकडे नोंदणी लागते. काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस त्याच प्लॉटमधून नमुना नेतो. तो पास झाला तरच घड अपेडामान्य पॅकहाऊसमध्ये जातो. कोणती औषधे चालतील आणि काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवायची, याची यादी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्याने निघते.

हंगामात एखाद्या पॅकहाऊसमध्ये उभे राहून पाहा, ही सगळी यंत्रणा डोळ्यांना दिसेल. डोक्याला टोपी, हातात मोजे घातलेल्या बायका घड फक्त देठाला धरतात. मण्यावरची पांढुरकी झाक बोटाने पुसली गेली तर माल जुना दिसतो. बारीक कात्रीने चिरलेला, लहान, डागाळलेला मणी काढून टाकतात. अर्धा किलोचे पनेट भरतात, पनेट खोक्यात, खोक्यात सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद, मग प्रीकूलिंगची थंड खोली. प्रत्येक खोक्यावर लेबल, आणि त्यावरच्या क्रमांकावरून रॉटरडॅममधला व्यापारी थेट निफाड किंवा दिंडोरीच्या प्लॉटपर्यंत मागे येऊ शकतो. त्या लेबलामागे शेवटी एक साधी वही असते : कोणत्या तारखेला, कोणते औषध, किती, कोणी मारले. वही खरी असेल तर लेबल खरे.

तुमचा माल द्राक्ष नसेल, तरी हिशेब हाच. नंदुरबारची मिरची घ्या. पथारीवर लाल मिरची पसरलेली असताना अवकाळी पाऊस आला की ती काळवंडते, हे आपल्याला दिसते. ओलीत वाढलेल्या बुरशीचे विष, अफलाटॉक्सिन, दिसत नाही. युरोपात मिरचीला आणि हळदीलाही त्याची एकूण मर्यादा किलोला 10 मायक्रोग्रॅम आहे. एकदा ते मालात शिरले की कितीही निवडा, दळा, सुंदर पाकिटात भरा, ते जात नाही. म्हणून मिरचीची निर्यात वाळवणापासून सुरू होते. मातीवर न वाळवता ताडपत्रीवर, जमल्यास सोलर ड्रायरमध्ये वाळवा, आणि पूर्ण वाळल्यावरच पोत्यात भरा.

मग सुरुवात कुठून करायची? माझे स्पष्ट मत आहे की पहिल्याच वर्षी युरोप गाठायचा हट्ट धरू नये. दुबई न्हावा शेव्यापासून समुद्रमार्गे काही दिवसांवर आहे, तिथे आपले लोक आणि आपली चव ओळखणारे गिऱ्हाईक आहे, आणि 1 मे 2022 पासून संयुक्त अरब अमिरातीशी व्यापार करार लागू असल्याने बऱ्याच मालावर आयात शुल्कात सवलत मिळते. युरोपचा प्रवास लांब, आणि तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे 2023 च्या अखेरीपासून जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हा तो आणखी लांबला. नाशवंत मालाला असा एकेक दिवस महाग पडतो. मसाले, पापड, हस्तकला असा टिकाऊ, कमी वजनाचा माल असेल तर टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे आहेत. तिथून पाच-दहा किलोची पार्सलेही रीतसर निर्यात म्हणून जातात.

आणखी एक वाट आहे, तिला कमी लेखू नका. पहिला हंगाम एखाद्या मुरलेल्या निर्यातदाराला माल द्या. भाव थोडा कमी मिळेल, पण त्याच्या पॅकहाऊसमध्ये उभे राहून तुमचा माल कुठे नाकारला जातो आणि का, हे पाहायला मिळेल. माझ्या ओळखीच्या एका शेतकरी गटाने असा एक हंगाम काढला. दुसऱ्या वर्षी त्यांनी आपली तोडणीची वेळ पहाटेवर आणली आणि क्रेटमध्ये कागद घालायला सुरुवात केली. एवढ्या दोन बदलांनी त्यांचा नाकारला जाणारा माल बराच घटला.

पैशांचा विषय पुढच्या भागात सविस्तर घेऊ : लेटर ऑफ क्रेडिट, आगाऊ रक्कम, ईसीजीसीचा निर्यात पतविमा. तोवर एवढेच लक्षात ठेवा की ओळख नसलेल्या परदेशी गिऱ्हाइकाला उधारीवर माल देऊ नये, तो ईमेलमध्ये कितीही गोड बोलत असला तरी.

या आठवड्यात तीन कामे करा. आपल्या एकाच मालाचा एचएस कोड, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारातला वर्गीकरण क्रमांक, शोधा. ताज्या द्राक्षाचा 080610, बेदाण्याचा 080620, तसा तुमचाही असेल. त्या कोडखाली ज्या एका देशाला माल द्यायचा आहे, त्या देशाचे नियम आणि मर्यादा काढा, नाही समजले तर तालुका कृषी कार्यालयात किंवा अपेडाच्या मुंबई कार्यालयात विचारा. आणि शंभर पानी वही आणून आजच्या तारखेपासून फवारणीची, वाळवणाची, साठवणीची नोंद लिहायला घ्या. पुढच्या वर्षीचा तुमचा माल आत्ता शेतात आहे.

(पुढील भाग : पैसे कसे आणि केव्हा घ्यावेत)