घेवड्याच्या वेलाखाली, किल्ल्याच्या मातीत

गुप्तधनाची पहिली गोष्ट मराठी माणसाला बहुधा पोथीत भेटते. गुरुचरित्रातले नृसिंहसरस्वती एका गरीब ब्राह्मणाच्या घरी भिक्षेला जातात, घेवड्याच्या शेंगांची भाजी जेवतात आणि निघताना अंगणातला घेवड्याचा वेलच उपटून टाकतात. ज्या वेलावर घर चालायचं तोच गेला म्हणून घरधनीण रडते. मग मुळं खणताना धनाने भरलेला कुंभ हाती लागतो. प्रसंग कृष्णाकाठच्या अमरापूरचा, पण पोथी पुढे भीमाकाठी गाणगापुरात स्थिरावते, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात. ती मराठीत रचणाऱ्या सरस्वती गंगाधरांची मातृभाषा मात्र कानडी होती.

याच मुलखावर १३४७पासून राज्य करणाऱ्या बहमनी घराण्याची, फिरिश्ता या जुन्या इतिहासकाराने सांगितलेली जन्मकथाही अशीच. दिल्लीत गंगू नावाच्या ब्राह्मणाचं शेत नांगरताना हसन नावाच्या गड्याचा फाळ साखळीत अडकला, साखळीला सोन्याच्या मोहरांचं भांडं होतं आणि हसनने ते मुकाट धन्याच्या स्वाधीन केलं. हाच हसन पुढे पहिला बहमनी सुलतान झाला. इतिहासकार ही कथा खरी मानत नाहीत. पण राजघराण्याच्या मोठेपणासाठी लोकांनी तलवारबाजी न रचता पुरलेलं धन आणि इमानी गडी रचला, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

खजिना, जुना इतिहास आणि डोकं चालवणारा एखादा साधा माणूस, एवढ्या भांडवलावर जगभर रहस्यकथांच्या मालिका चालल्या आहेत. त्यांत रक्तपात थोडा, गप्पा भरपूर; चहा होतो, जेवण होतं आणि शेवटी कोडं सुटतं. पोच्या ‘द गोल्ड बग’मध्ये (१८४३) सांकेतिक लिपी उलगडून चाच्याचा खजिना सापडतो. होम्सच्या ‘मस्ग्रेव्ह रिच्युअल’मध्ये घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या घोकलेली निरर्थक प्रश्नोत्तरं राजमुकुटापर्यंत नेतात. अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलबाई तर बागेत कुदळ मारणाऱ्या वारसांना खुर्चीत बसूनच दाखवून देतात, की म्हाताऱ्याची ठेव त्याच्या जुन्या पत्रांच्या पाकिटांवरच चिकटवलेली आहे.

आपल्याकडे या प्रकाराचं सोनं केलं ते बंगाल्यांनी. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कित्येक कादंबऱ्या आधी पूजा विशेषांकांत आल्या. म्हणजे दिवाळी अंकाची चटक असलेल्या वाचकाला हे गणित समजावून सांगायला नको. ‘बादशाही आंगटी’त औरंगजेबाची अंगठी, ‘सोनार केल्ला’त पूर्वजन्मीचा किल्ला, ‘रॉयल बेंगाल रहस्य’मध्ये कोड्यात लपवलेलं धन आहे. ‘कैलासे केलेंकारी’ मूर्तिचोरांच्या मागावर थेट वेरूळला येते. ज्या राष्ट्रकूटांनी ते कैलास लेणं कोरवलं, त्यांची पुढची राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. फेलूदा तिथवर पोहोचला नाही. अशोक जैन यांनी त्याला मराठीत आणलं आणि इथल्या घराघरांत तो आपलाच होऊन बसला. अलीकडे बंगाली पडद्यावर ‘गुप्तोधोनेर संधाने’पासून (२०१८) सोनादा नावाचा इतिहासाचा प्राध्यापक हेच काम करतो.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांचा झुंजार आणि काळा पहाड मुंबईच्या अंधारातले, धडाक्याचे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेत खेळकरपणा होता, चाणाक्षपणा होता. पण त्याचा ओढा जुन्या कागदांपेक्षा धावपळीकडे. डॉ. प्रकाश कोयाडे यांच्या ‘प्रतिपश्चंद्र’ने शिवकालीन खजिन्याचा माग काढला, तेव्हा तरुण वाचकांनी ते पुस्तक उचलून धरलं. भूक आहे, हे त्यावरून दिसतंच. मालिका मात्र नाही. आणि जिथे ती सहज घडावी तो बिदर-कलबुर्गीचा पट्टा मराठी रहस्यकथेने अजून पाहिलेलाच नाही.

बिदरच्या महमूद गवानचंच प्रकरण घ्या. परदेशातून आलेला हा वजीर कर्तबगार होता. त्याने १४७२मध्ये बांधलेल्या मदरशाच्या उरलेल्या भिंतींवर रंगीत फरशा आजही दिसतात. विरोधकांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या हबशी गुलामाशी दोस्ती केली, त्याला दारू पाजली आणि दोस्ताचं काम आहे असं सांगून एका कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. मग त्या कागदावर ओडिशाच्या राजाला फितुरीचं आमंत्रण लिहिलं. नशेत असलेल्या सुलतानाने, तिसऱ्या मुहम्मदशाहाने, गवानला विचारलं. तो म्हणाला, शिक्का माझा, मजकूर माझा नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

गोष्ट इथे संपत नाही. सुलतानाला वजिराच्या अफाट खजिन्याची आस होती. खजिनदाराला बोलावलं तेव्हा कळलं, की मालकाचे हिशेब दोन : एक फौजेच्या खर्चाचा, दुसरा गोरगरिबांचा; आणि दोन्हींत मिळून शिल्लक अगदी किरकोळ. फिरिश्ताने हे लिहून ठेवलं आहे. खोटं पत्र, खरा शिक्का, दारुडा साक्षीदार आणि रिकामी तिजोरी : मिस मार्पलबाईंना आणखी काय हवं?

भुयारही आहे. बिदरजवळच्या नौबादला जमिनीखालून जाणारा लांबलचक बोगदा लोकांच्या तोंडी ‘सुरंग बावी’. भुयार म्हटलं की गुप्त वाट आणि पुरलेली संपत्ती आलीच. प्रत्यक्षात तो करेझ आहे : इराणी पद्धतीने जांभा खडकात खोदलेला पाण्याचा पाट. वरून ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडं. त्यांतून खोदणारे उतरत, माती वर काढत आणि पुढे तिथूनच पाणी शेंदत. उतार एवढा हलका, की पाणी आपल्या पायाने वाहतं. गाळाने बुजलेला हा पाट अलीकडे साफ झाला. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात खजिना कशाला म्हणतात, ते वेगळं सांगायला नको.

बिदरच्या किल्ल्याची मातीही तशीच. बिदरी कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यात चांदीची तार ठोकून बसवतो. भांडं अजून राखाडीच असतं, नक्षी नीट दिसतही नाही. मग ते तापवून, नवसागर मिसळलेल्या मातीच्या पाण्याने चोळतो. जस्त काळंभोर होतं, चांदी पांढरी राहते. माती लागते ती किल्ल्यातल्या जुन्या इमारतींच्या आडोशाची, ऊनपाऊस न लागलेली, आणि तिची पारख जिभेवर ठेवून होते. एवढा बारकावा कुठल्याही गुप्तहेराला पुरेल.

सगळ्यांत मोठा शोध मात्र अपघाताने लागला. भीमाकाठचं सन्नती हे चंद्रला परमेश्वरीचं ठाणं. महाराष्ट्रातल्याही कित्येक घरांची ही कुलदेवता. १९८६मध्ये तिथल्या कालीच्या देवळाचं छत कोसळलं. मूर्तीखालचा दगड उघडा पडला आणि त्यावर ब्राह्मी अक्षरं निघाली : अशोकाच्या आज्ञा. शेकडो वर्षं भक्त ज्या पायाशी डोकं टेकत होते, त्या पायाखाली सम्राटाचं पत्र होतं. शेजारच्या कनगनहळ्ळीत पुढे उत्खननात स्तूप सापडला आणि अशोकाचं नाव कोरलेलं त्याचं शिल्पही.

खऱ्या आयुष्यातले खजिनाशोधक मात्र कादंबरीतल्यांसारखे गोड नसतात. अमावास्येला देवळं उकरणारे, भानामतीच्या नावाने भोळ्यांना लुबाडणारे मांत्रिक दोन्ही राज्यांत आहेत. म्हणूनच महाराष्ट्राने २०१३मध्ये आणि कर्नाटकाने २०१७मध्ये केलेल्या कायद्यांत धनशोधासाठीचे अघोरी प्रकार गुन्हा ठरले. नियमही नवा नाही. याज्ञवल्क्याने गुप्तधन सापडल्यावर राजाला कळवायला सांगितलं, न कळवणाऱ्याला दंड सांगितला. आणि त्या स्मृतीवरची ‘मिताक्षरा’ विज्ञानेश्वराने लिहिली ती कल्याणीत, आजच्या बसवकल्याणात. तोच दंडक १८७८च्या इंग्रजी कायद्यात आला : दहा रुपयांवरची ठेव सापडली, की कलेक्टरला लेखी कळवा.

या सगळ्यांत एक धागा आहे. गवानच्या नावचं खोटं पत्र फारसीच्या जगातलं, सन्नतीचा दगड प्राकृतातला, मिताक्षरा संस्कृत, गुरुचरित्र मराठी, आणि वाट दाखवणारा म्हातारा कानडीत बोलणार, मध्येच दख्खनी उर्दू पेरणार. एकभाषी गुप्तहेर इथे पहिल्याच प्रकरणात अडकेल. म्हणून अशा मालिकेचा नायक पुण्याहून आयात करू नये. भालकी किंवा औरादचा निवृत्त मास्तर घ्यावा, ज्याच्या वडिलांची सनद मोडीत होती आणि ज्याची स्वतःची शाळा उर्दूत, नोकरी कानडीत झाली. १९५६मध्ये राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, तेव्हा अशा माणसांची अडचणच झाली. रहस्यकथेत मात्र तीच अडचण त्यांचं मोठं भांडवल ठरेल.