दाराआडचा माणूस

संपादकांनी सांगितलं होतं, ट्यूडर दरबारातल्या एखाद्या उमरावाचं आयुष्य लिहा. मेजवान्या, भरजरी कपडे, शिकारी असं सगळं डोळ्यांपुढे घेऊनच हॅम्प्टन कोर्टचा राजवाडा बघायला गेलो. ग्रेट हॉल मागे टाकून ग्रेट वॉचिंग चेंबरमध्ये आलो आणि तिथेच थांबलो. आठव्या हेन्रीच्या काळात इथे पहारेकरी उभे असत. त्यापुढे दरबारी दालन, मग प्रिव्ही चेंबर, मग राजाची शेज. पुढची ती दालनं आज नाहीत. १६८९ नंतर क्रिस्टोफर रेनने ती पाडून तिथे नवा महाल बांधला. पण उमरावांचं नशीब ठरायचं ते त्या नाहीशा झालेल्या खोल्यांत.

प्रिव्ही चेंबर म्हणजे आपल्या जुन्या दप्तरांतली 'खासगी'. या खासगीची शिस्त १५२६ मध्ये कार्डिनल वूल्झीने एल्थमच्या राजवाड्यात नियम घालून बांधली. माणसं फक्त पंधरा. सरदारांनी सकाळी सातला हजर व्हायचं. कपडे दारापर्यंत नोकराने आणायचे, पण राजाच्या अंगाला हात लावायचा तो फक्त या सरदारांनी. न्हाव्याने स्वतः स्वच्छ राहायचं आणि हलक्या संगतीत वावरायचं नाही. राजा कधी झोपला, कधी उठला, कुठे गेला यावर कोणी कुजबुजायचंही नाही.

या पंधरांत सर्वांत वरचा मान होता 'ग्रूम ऑफ द स्टूल' या माणसाचा. स्टूल म्हणजे राजाची शौचाची बैठक: मखमलीने मढवलेली पेटी, आत भांडं. राजा तिथे बसला की हजर राहायचं ते याने. ऐकून आपण नाक मुरडतो, पण तेव्हाच्या इंग्लंडमध्ये या कामासाठी घरंदाज माणसं जीव टाकत. राजाशी एकट्याने बोलायची संधी दुसऱ्या कोणाला मिळणार? शिवाय राजाच्या हातखर्चाची थैलीही याच माणसाकडे असे. जुगारात हरलेले पैसे, बक्षिशी, जडजवाहीर यांचे पैसे त्या थैलीतून जात. अर्जावर राजाची सही हवी असेल, तर कागद कोणत्या घटकेला पुढे करायचा हे याला नेमकं कळे.

१५२६ पासून दहा वर्षं हे काम हेन्री नॉरिसने केलं. माझं मन अडकलं ते या माणसात. बायको मेरी ही लॉर्ड डेकरची मुलगी. ती लवकर गेली. त्याची मिळकत अनेक बड्या उमरावांपेक्षा जास्त होती. कॅलेचा कारभार बघणारा लॉर्ड लाइल समुद्रापलीकडे होता, पण लंडनमधला त्याचा मुखत्यार ज्या पायऱ्या झिजवत होता, त्यांत नॉरिसची पायरी महत्त्वाची होती. मला वाटतं, दहा वर्षं रोज राजाच्या अंगाजवळ राहून त्याचा विश्वास टिकवणं हे रणांगण गाजवण्याइतकंच अवघड असावं.

आणि तोच विश्वास एका दुपारी संपला. १ मे १५३६ रोजी ग्रिनिचला भालाफेकीच्या नव्हे, घोड्यावरून भाल्यांनी झुंजण्याच्या स्पर्धा होत्या. राजा एकाएकी उठला, थोडी माणसं बरोबर घेऊन वेस्टमिन्स्टरकडे निघाला. नॉरिस त्याच्याबरोबरच होता. वाटभर राजा त्याला विचारत राहिला: राणी ॲन बोलिनशी तुझे संबंध आहेत ना? खरं सांग, जीवदान देतो. नॉरिसने नाही म्हटलं आणि नाहीच म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी तो लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता.

त्याला अडकवणारं संभाषण दोनच दिवसांपूर्वीचं. लग्न का लांबवतोस, असं ॲनने त्याला विचारलं आणि बोलता बोलता सुचवलं की, राजाचं काही बरंवाईट झालं तर तू माझ्यावर डोळा ठेवशील. नॉरिस हादरला. असा विचार आला तर माझं डोकं उडो, असं तो म्हणाला. पण राजाच्या मृत्यूचा विचार बोलून दाखवणं हाच राजद्रोह ठरू शकत होता.

१२ मे रोजी खटला झाला. आरोपपत्रात लिहिलं होतं की, १२ ऑक्टोबर १५३३ ला वेस्टमिन्स्टरमध्ये त्याने राणीशी संग केला. राजकन्या एलिझाबेथ जन्मली ७ सप्टेंबरला. त्या ऑक्टोबरात ॲन बाळंतपणातून सावरत ग्रिनिचला होती. ही एक तारीख तपासली असती तरी तो आरोप पडला असता. पण तपासायचं कोणी? ज्याच्याकडे दाद मागायची तोच फिर्यादी होता. नॉरिस इतकी वर्षं ज्या दाराआड वावरला, तिथे काय घडलं याची साक्ष देणारा तिसरा माणूस नियमानेच ठेवलेला नव्हता. जवळीक हेच त्याचं बळ होतं, आणि गुन्हा लादायलाही तीच पुरली. हा न्याय नव्हता, कायद्याच्या कागदावर केलेला खून होता.

१७ मे १५३६ रोजी टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्याच एका जुन्या सेवकाने लिहून ठेवलंय की, त्याच्याबरोबर मारल्या गेलेल्या इतर आरोपींनी मरताना काही ना काही बोलून घेतलं, नॉरिस मात्र जवळजवळ काहीच बोलला नाही.

राजाच्या खासगीतली ती जागा लगेच भरली गेली. पुढे राणी झालेल्या एलिझाबेथने १५७२ मध्ये नॉरिसच्या मुलाला बॅरन केलं.