सरदारांनी वाटून घेतलेला तट

विजापूरला गेलेला माणूस गोलघुमटात टाळी वाजवून प्रतिध्वनी मोजतो, मुलूखमैदान तोफेजवळ फोटो काढतो आणि संध्याकाळी सोलापूरची गाडी धरतो. तोफ पाहताना आपण गावाच्या तटावरच उभे होतो, हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. मला मात्र आदिलशाही समजून घ्यायला या तटाइतकी चांगली जागा दुसरी वाटत नाही. घेर साधारण दहा किलोमीटरचा, बुरूज 96, शिवाय दरवाजांजवळचे वेगळे.

तट पहिल्या अली आदिलशहाचा. तो 1565 मध्ये पुरा झाला असं मानतात. त्याच वर्षी जानेवारीत तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी मिळून विजयनगर बुडवलं होतं. समान शत्रू संपला की कालचे दोस्त एकमेकांच्या मुळावर उठणार, हे ओळखायला मोठा मुत्सद्दी लागत नव्हता. 1580 मध्ये अली मारला गेला आणि पाठोपाठ अहमदनगर आणि गोवळकोंड्याच्या फौजा विजापूरभोवती येऊन बसल्या. आत गादीवर पोरवयाचा इब्राहिम, सरदारांची आपसात तेढ आणि सगळं सावरायला चांदबीबी. तरीही गाव पडलं नाही.

अलीने हे प्रचंड काम एका हाती करवून घेतलं नाही. प्रमुख सरदारांना तटाचा एकेक तुकडा नेमून दिला आणि ज्याने त्याने तो आपल्या खर्चाने, आपल्या माणसांकडून उभा केला. त्याची खूण आजही दिसते. काही ठिकाणी घडीव काळा दगड असा बसवला आहे की सांध्यात नख शिरू नये. थोडं पुढे गेलं की ओबडधोबड दगड चुन्यात कसाबसा दाबलेला. उंची बदलते, चर्यांची धाटणी बदलते. कोणाची जहागीर भरलेली होती, कोणी वेळ मारून नेली, हे दगडातच उतरलं आहे.

काटछेद मात्र सगळीकडे साधारण सारखा. बाहेरून एक आणि आतून एक अशा दोन दगडी भिंती, मध्ये सहा ते नऊ मीटरचं अंतर, त्यात ठासून भरलेली माती. वर फांजी, म्हणजे पहारेकऱ्यांनी फिरायची आणि तोफा ओढून न्यायची रुंद वाट. तिच्या बाहेरच्या कडेला माणसापेक्षा उंच कठडा आणि त्यात जंग्या. एकूण उंची नऊ ते पंधरा मीटर, पायथ्याशी बारा-पंधरा मीटर रुंदीचा खंदक. खरी करामत मातीची आहे. तोफेचा गोळा बाहेरचा दगड फोडतो, पण त्याचा जोर मातीत जिरतो. नुसती दगडी भिंत अशा माऱ्याने तडकत जाते.

मोठे दरवाजे पाच: पश्चिमेला मक्का, वायव्येला शहापूर, उत्तरेला बहामनी, पूर्वेला अल्लापूर आणि आग्नेयेला मंगोळी. दोन्ही अंगांना गोल बुरूज आणि हत्तीने धडक देऊ नये म्हणून फळ्यांवर लोखंडी खिळे, ही दख्खनची ओळखीची रीत इथेही आहे.

तटाच्या आत, जरा उंचवट्यावर, उपळी बुरूज एकटाच उभा आहे. हैदरखानाने तो 1584 च्या सुमारास बांधला. त्याची गोष्ट गावात आवडीने सांगतात: तटाची वाटणी झाली तेव्हा हैदरखान मोहिमेवर होता, परतल्यावर आपल्या नावाचं काहीच नाही म्हणून खट्टू झाला, तेव्हा बादशहाने त्याला सगळ्यांहून उंच बुरूज बांधायला सांगितलं. खरंखोटं असो, वाटणीत हिस्सा मिळणं हा मानाचा प्रश्न होता एवढं त्यातून कळतं. बाहेरून वळसा घालत चढणाऱ्या पायऱ्यांनी सुमारे 24 मीटर वर गेलं की नऊ मीटरहून लांब अशी लांबछडी तोफ दिसते. तिच्याजवळ खाली बसून पाहावं. लोखंडाच्या लांब पट्ट्या एकमेकींना भिडवून नळी केली आहे आणि तिच्यावर तापवलेली कडी एकामागोमाग एक चढवली आहेत. कडं निवताना आवळतं आणि पट्ट्या घट्ट धरून ठेवतं. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवणाऱ्या लोहाराचंच हे कसब.

मुलूखमैदान मात्र ओतीव. 1549 मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ती ओतली. वजन सुमारे 55 टन, लांबी साडेचार मीटरच्या आतबाहेर, तोंड हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचं. 1632 मध्ये मुरार जगदेवाने ती परांड्याहून विजापूरला आणली. शहाजीराजांच्या चरित्रात भेटणारा मुरारपंत तो हाच. तिच्यासाठीचा शेर्झा बुरूज पाच महिन्यांत उभा केल्याचं त्यावरचा 1658 चा शिलालेख सांगतो. पुढच्याच वर्षी अफझलखान प्रतापगडाकडे निघाला.

तट नसता तर काय झालं असतं, याचं उत्तर पश्चिमेला थोड्याच अंतरावर आहे. दुसऱ्या इब्राहिमने 1599 मध्ये नवरसपूर नावाची नवी राजधानी वसवायला घेतली. तिचा कोट अर्धाच राहिला. 1624 मध्ये भातवडीची लढाई जिंकून मलिक अंबर चालून आला, त्याने नवरसपूर उद्ध्वस्त केलं. विजापूरच्या तटाने मात्र त्याला बाहेरच थोपवलं.

औरंगजेबाच्या फौजांनी 1685 च्या वसंतात वेढा घातला. सुरुंग झाले, तोफांचा मारा झाला, खंदक भरण्याचे प्रयत्न झाले, आणि हे वर्षाहून अधिक काळ चाललं. दक्षिणेच्या लांडा कसाब बुरुजावर त्या माऱ्याच्या जखमा अजून दिसतात. पण आतलं धान्य संपत आलं, जनावरं मेली, माणसं उपासमारीने खंगली. मदतीला येणारं कोणी उरलं नव्हतं. 12 सप्टेंबर 1686 रोजी तरुण सिकंदर आदिलशहा शरण गेला. मंगोळी दरवाजाचं नाव फतेह दरवाजा झालं आणि आपण मुलूखमैदान जिंकल्याचा लेख औरंगजेबाने तोफेवरच कोरवला.

इंग्रजी अमलात 1854 मध्ये निरुपयोगी सरकारी माल विकून टाकण्याचा हुकूम निघाला. त्यात ही तोफही लिलावाला लागली आणि तिला जास्तीत जास्त बोली आली ती 150 रुपयांची. इतकी कमी किंमत पाहून, आणि लोकांच्या मनातला तिचा मान ओळखून, विक्री रद्द झाली. तटाला असं कोणी विशेष जपलं नाही. रस्त्यांसाठी तो ठिकठिकाणी फोडला गेला, काही भागांत घरं थेट त्याला टेकली. तरी पुष्कळ उरला आहे. पुढच्या खेपेला अर्धा दिवस हाताशी ठेवा, शेर्झा बुरुजापासून तटाच्या कडेने चालत निघा आणि सरदारांचे तुकडे कुठे कुठे जुळतात ते शोधा.