पांढऱ्या पडलेल्या रानात मोसंबी लावावी काय?



पाणी जास्त झालेल्या रानांत ऊस फुटवा धरीत नाही, वरंब्यावर पांढरा थर येतो. अशा रानाचे सभासद शेतकी ऑफिसात येऊन विचारतात, "साहेब, ऊस काढून मोसंबी लावली तर?" आमचे उत्तर एकच : रान सुधारल्याशिवाय लावू नका.

कारण समजून घेऊ. झाडाचे अन्न पानात तयार होते. पानाच्या बारीक छिद्रांतून कर्बवायू आत जातो, मुळांकडून पाणी येते आणि उन्हाच्या बळावर हरितद्रव्य त्यांची साखर बनवते. मातीत क्षार वाढले, की रान ओले असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. मग पाणी राखण्यासाठी झाड छिद्रे मिटून घेते. कर्बवायू अडला, की साखर घटली. हा पहिला मार.

दुसरा मार सावकाश बसतो. पाण्याबरोबर क्लोराइड व सोडियम पानात जातात. मोसंबी-लिंबाचे पान वर्षभर किंवा त्याहून जास्त झाडावर राहते, म्हणून मीठ साठतच जाते. हरितद्रव्य कमी होते, जुन्या पानांचे शेंडे करपतात, पाने गळतात. पानच गेले, तर गाळप कशाचे करणार?

मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता दीड-पावणेदोन डेसिसायमनच्या वर गेली, की ऊस व संत्रावर्गीय झाडे दोन्हींचे उत्पन्न घटू लागते. पुढे दर डेसिसायमनला उसाचे सुमारे ६ टक्के, तर संत्र्याचे १३ ते १६ टक्के घटते. म्हणजे जिथे ऊस रडतखडत येतो, तिथे मोसंबी तग धरणे कठीण. शिवाय फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात. तोवर खर्च होऊन गेलेला असतो.

तेव्हा आधी माती व विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. चर किंवा सच्छिद्र पाइप टाकून निचरा करावा. निचऱ्याशिवाय क्षार धुऊन जात नाहीत. चोपण असेल तर तपासणीप्रमाणे जिप्सम घालावे, धैंचा गाडावा. पाणी मोजून द्यावे. एवढे करून बाग लावायचीच झाली, तर जंबेरीपेक्षा रंगपूर लाइम खुंटावरची कलमे घ्यावीत. हा खुंट क्लोराइड बराच अडवतो. पालाशासाठी म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे.

रान एकदा गेले, तर परत आणायला वर्षे लागतात. रोपे आणण्याआधी मातीचा नमुना आणावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी